आधी मोजा, मग मेल करा

गेल्या महिन्यात याच पानावर किडनीच्या आजाराचा अभ्यास वेगवेगळ्या देशांतले लोक मिळून कसा करतात यावर थोडं लिहिलं होतं. त्यावर अपेक्षेपेक्षा खूपच जास्त पत्रं आणि मेसेज आले, डॉक्टरांचे तर आलेच पण पेशंटच्या घरच्यांचेही आले. सगळ्यांना इथे उत्तर देणं जमणार नाही म्हणून पाच प्रश्न घेतेय. नावं कोणाचीच छापत नाहीये.

प्रश्न : मॅडम, मी अकोला जिल्ह्यात खारपाणपट्ट्यातल्या एका पीएचसीला मेडिकल ऑफिसर आहे. तीस-पस्तिशीतले शेतकरी येतात, शुगर नाही, बीपी नाही आणि क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात वाढणारा घटक) तीन-चार. गावात सगळे म्हणतात पाणी खारं आहे म्हणून होतंय. मला यावर रिसर्च करायचाय. परदेशातल्या तीन प्रोफेसरांना मेल केले, एकाचंही उत्तर नाही. मी फक्त एमबीबीएस आहे, काय चुकतंय माझं?

डॉक्टर, आधी ते "फक्त" काढून टाका. तुम्ही जिथे बसलाय तिथे तो आजार रोज दारात येतोय, आणि ज्यांना तुम्ही मेल केलेत त्यांच्याकडे नेमकी तीच गोष्ट नाहीये.

एक गोष्ट सांगते. मध्य अमेरिकेतला एल साल्वादोर हा छोटासा देश, त्याच्या राजधानीत रोसालेस नावाचं सरकारी हॉस्पिटल आहे. १९९९ च्या शेवटापासून पुढचे काही महिने तिथल्या डॉक्टरांनी किडनी निकामी होऊन नव्याने आलेला प्रत्येक पेशंट नोंदवला. वय काय, काम काय, कुठून आलाय, डायबेटिस आहे का, बीपी आहे का, बस्स. दोनशेच्या आसपास पेशंट झाले आणि त्यातल्या साधारण दोनतृतीयांश लोकांमध्ये नेहमीचं एकही कारण सापडेना, बहुतेक पुरुष, बरेचसे शेतात राबणारे, समुद्रकिनाऱ्याकडच्या सखल भागातले. २००२ मध्ये त्यांनी हे स्पॅनिशमध्ये छापलं. आज ज्याला मेसोअमेरिकन नेफ्रोपॅथी म्हणतात, म्हणजे मध्य अमेरिकेतला हा नेहमीचं कारण न सापडणारा किडनीचा आजार, त्याची सुरुवात त्या साध्या यादीपासून झाली. स्वीडनची कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूट, बोस्टन युनिव्हर्सिटी, लंडनचे लोक, हे सगळे नंतर आले. २०१३ मध्ये कॅरोलिन्स्काच्या टीमने आणि साल्वादोरच्या डॉक्टरांनी मिळून आठ पेशंटच्या बायोप्सी, म्हणजे किडनीचा बारीकसा तुकडा काढून केलेल्या तपासण्या, छापल्या तेव्हा किडनीच्या आत नेमकं काय दिसतं ते पहिल्यांदा नीट कळलं. पण बायोप्सी कोणाची करायची हे ठरलं कशावरून, तर त्या यादीवरून.

म्हणून तुम्ही मेल करणं सध्या थांबवा आणि एक रजिस्टर उघडा. साधं, ओळी आखलेलं चालेल. त्यात वय, लिंग, गाव, किती वर्षं शेतात, उन्हात किती तास, पाणी कुठलं पितात (आणि दहा वर्षांपूर्वी कुठलं प्यायचे, हे विसरू नका, कारण किडनी हळूहळू जाते आणि आजचं आरओचं पाणी कालची हकिकत सांगत नाही), दुखण्याच्या गोळ्या किती घेतात, फवारणी करतात का, घरात आणखी कोणाला आहे का. लघवीतलं प्रोटीन पट्टीवर बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, क्रिएटिनिन तीन महिन्यांनी परत करा. क्रॉनिक म्हणायचं असेल तर बिघाड तीन महिने टिकलेला दिसायला हवा, आपल्याकडच्या बऱ्याच शिबिरांमध्ये एकदाच रक्त घेतात आणि आकडा जाहीर करून मोकळे होतात, मग जुलाबाने तात्पुरतं वाढलेलं क्रिएटिनिनसुद्धा त्यात जाऊन बसतं. तुमची लॅब क्रिएटिनिन कुठल्या पद्धतीने करते तेही विचारून लिहून ठेवा, जॅफे की एन्झायमॅटिक, आणि मशीनचं कॅलिब्रेशन आयडीएमएस या आंतरराष्ट्रीय दर्जाशी जुळतंय का. हे कंटाळवाणं वाटेल पण परदेशातला माणूस तुम्हाला पहिला प्रश्न हाच विचारणार आहे.

आता खाऱ्या पाण्याचं. गावकरी म्हणतात ते खोटं आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, पूर्णा नदीच्या खोऱ्यातले, म्हणजे तुमच्याच खारपाणपट्ट्यातले लोक हे वर्षानुवर्षं ओरडून सांगतायत आणि त्यांचं ऐकलंच पाहिजे. पण कारण आधीच ठरवून निघालात तर तुम्ही फक्त पाणीच मोजाल. श्रीलंकेत अनुराधापुराच्या भागात नव्वदच्या दशकापासून हा आजार दिसतोय, तिथे पाण्याचा कठीणपणा, फ्लोराइड, कॅडमियम, आर्सेनिक, कीटकनाशकं असं एकामागून एक सगळ्यांवर बोट ठेवून झालं, अजून एका कारणावर एकमत नाही. आपल्या शेजारी आंध्रात श्रीकाकुलमच्या उद्दानममध्ये नारळ-काजूच्या बागांचा हिरवागार पट्टा आहे, तिथे दोन वेगवेगळ्या टीमनी घरोघरी तपासणी केली तर मोठ्या माणसांत साधारण पाचातल्या एकाला किडनीचा आजार निघाला. ओडिशात कटकजवळचे बडंबा आणि नरसिंगपूर, छत्तीसगडमधलं सुपेबेडा, गोव्यात काणकोण, सगळीकडे हीच तक्रार. आणि प्रत्येक ठिकाणी ऊन वेगळं, पाणी वेगळं, पीक वेगळं.

मग एकाचा आकडा दुसऱ्याशी कसा ताडून बघायचा? यासाठीच लंडन स्कूल ऑफ हायजीनच्या आणि इतर काही लोकांनी डिग्री नावाचा एक कॉमन प्रोटोकॉल केला. अगदी साधा ठेवलाय मुद्दाम, म्हणजे पैसे कमी असलेल्या ठिकाणीही करता येईल. गावातल्या मोठ्या माणसांतून चिठ्ठ्या टाकून निवड करायची, फक्त दवाखान्यात आलेल्यांची नाही, ठरलेल्या प्रश्नावलीतून माहिती घ्यायची, क्रिएटिनिन एकाच दर्जाने मोजायचं, आणि मग डायबेटिस, बीपी, लघवीतून भरपूर प्रोटीन जाणारे बाजूला काढून उरलेल्यांत किडनीचं काम (किडनी मिनिटाला किती मिलीलिटर गाळते तो अंदाज) साठच्या खाली कितींचं आहे ते सांगायचं. याच व्याख्येने भारतातल्या तीन जुन्या सर्व्हेंमधल्या साडेबारा हजारांच्या आसपास लोकांचा डेटा परत तपासला गेला, २०१९ मध्ये ते छापून आलं, तर एकूण प्रमाण १.६ टक्के पण दक्षिणेतल्या ग्रामीण भागात ४.८ टक्के. विदर्भाचा आकडा या रांगेत बसवायचा असेल तर आपल्यालाही त्याच फूटपट्टीने मोजायला हवं, नाहीतर तुमचा आकडा कितीही खरा असला तरी तो एकटाच राहील.

पुढचं काम म्हणजे जवळच्या मेडिकल कॉलेजच्या पीएसएम, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या डिपार्टमेंटमध्ये जा. एथिक्स कमिटीची परवानगी त्यांच्याकडूनच मिळेल आणि ती घेतल्याशिवाय तुमच्या रजिस्टरचा रिसर्च म्हणून वापर करू नका. चेन्नईच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ एपिडेमिऑलॉजीचे ऑनलाइन कोर्स आहेत, पीजीच्या पोरांना सक्तीचा असतो तो बेसिक रिसर्चचा कोर्सही त्यांचाच, तुम्ही करून टाका. आणि मग मेल. पाच ओळींचा. मी कुठे आहे, मी काय पाहिलं, हा माझा एका पानाचा तक्ता, माझा एकच प्रश्न आहे की पुढे चिठ्ठ्या टाकून निवड कशी करू. "मला आपल्या मार्गदर्शनाखाली संशोधन करायची इच्छा आहे" असे मेल त्यांना ढिगाने येतात, ऐंशी पेशंटचा तक्ता जोडलेला मेल क्वचित येतो. आणि पहिला मेल परदेशात जायलाच पाहिजे असं नाही. भारताच्या सीकेडी, म्हणजे क्रॉनिक किडनी आजाराच्या रजिस्ट्रीत २०१२ च्या पेपरपर्यंत बावन्न हजारांवर पेशंट जमले होते आणि त्यातल्या सोळा टक्क्यांचं कारण "माहीत नाही" असं लिहिलंय. ज्यांनी हे जमवलं ते लोक आपल्याच देशात आहेत.

प्रश्न : मी डीएम नेफ्रॉलॉजी, म्हणजे किडनीच्या आजारांतलं पुढचं शिक्षण करतेय. आमच्या डिपार्टमेंटचा एका परदेशी युनिव्हर्सिटीबरोबर प्रोजेक्ट होता, दोन वर्षं पेशंट घेणं, फॉर्म भरणं, सॅम्पल पॅक करणं सगळं आम्ही केलं. पेपर आला तेव्हा आमची नावं आभारात. मग मेंटॉर म्हणजे नक्की कोण?

तुझा मेसेज वाचून मला माझी तिशी आठवली. माझ्या पहिल्या प्रोजेक्टमध्ये अगदी हेच झालं होतं. चारशे घरं मी पायी फिरले होते आणि छापलेला पेपर मला एका सेमिनारमध्ये दुसऱ्याच कोणाच्या हातात दिसला. त्या दिवशी रडले मी, हे सांगायला मला आजही काही वाटत नाही.

पण नियम तुझ्या बाजूने आहे. मेडिकल जर्नल्सच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, म्हणजे आयसीएमजेईच्या चार अटी आहेत. अभ्यासाच्या आखणीत किंवा डेटा जमवण्यात किंवा त्याचा अर्थ लावण्यात भरीव काम, पेपर लिहिण्यात किंवा त्यात खरी सुधारणा करण्यात सहभाग, शेवटच्या मसुद्याला मान्यता, आणि कामाची जबाबदारी घेणं. लोक म्हणतात की तू नुसता डेटा गोळा केलास, लिहिलं नाहीस, म्हणून नाव नाही. आता बघ, त्याच नियमात हेही लिहिलंय की पहिली अट पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला मसुदा वाचायची, सुधारायची आणि मान्य करायची संधी दिली पाहिजे, ती संधीच न देता मग तू अट पूर्ण केली नाहीस असं म्हणता येत नाही. म्हणून पुढच्या प्रोजेक्टला पहिल्याच मीटिंगमध्ये, पहिला पेशंट घ्यायच्या आधी, कोणता पेपर कोण लिहिणार हे कागदावर आणायला सांग. विचारायला अवघड जातं, मला माहितीये. पण दोन वर्षांनी विचारण्यापेक्षा खूप सोपं जातं.

मेंटॉर कोण, याचं माझं उत्तर अगदी साधं आहे, जो तुझ्याबरोबर बसून तुझाच तक्ता वाचतो तो. मला नंतर भेटलेले सर दर पंधरा दिवसांनी फोन करायचे आणि पहिला प्रश्न असायचा, "किती जणांनी नाही म्हटलं?" मला वाटायचं हे काय विचारतायत, जे आले त्यांच्याबद्दल विचारा ना. खूप उशिरा कळलं की जे आले नाहीत, जे त्या दिवशी रानात होते किंवा डायलिसिसला गेले होते, त्यांच्यामुळेच आकडा फिरतो. हे पुस्तकात असतंच, पण ते अंगात मुरलं त्या फोनमुळे.

सोयी काय आहेत ते सांगते. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ नेफ्रॉलॉजीची फेलोशिप १९८५ पासून आहे, कमी उत्पन्नाच्या देशांतला डॉक्टर बाहेर शिकून परत आपल्या गावी यावा ही त्यामागची कल्पना. त्यांचीच सिस्टर रीनल सेंटर्स नावाची योजना आहे, दोन हॉस्पिटलांची जोडी लावतात, तीन पायऱ्या, प्रत्येक पायरी दोन वर्षांची, म्हणजे पूर्ण सहा वर्षं नातं टिकू शकतं. मेंटॉरशिपची वेगळी योजनाही आहे. आपल्याकडे इंडिया अलायन्स या संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्थेच्या फेलोशिप २००८ पासून आहेत, त्यात पैसा तुझ्या नावावर येतो, तुझ्या सरांच्या नाही, हा फरक फार मोठा आहे. एक सावधगिरी मात्र ठेव, सगळं एकाच देशाच्या पैशावर उभं करू नकोस. अमेरिकेच्या एनआयएचने, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला पैसा देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, मे २०२५ मध्ये परदेशी संस्थांना उपअनुदान द्यायची जुनी पद्धत एकदम थांबवली तेव्हा अनेकांच्या पायाखालची जमीन सरकली.

आणि सहकार्य चांगलं असलं की काय होतं हे बघायला लांब जायला नको. पुण्याच्या केईएममध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी इंग्लंडच्या साउथहॅम्प्टनच्या लोकांबरोबर १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. इथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, तिकडचं साडेतीन, पण आपल्या बाळाच्या अंगावर चरबी त्या मानाने टिकून, हे त्यातून जगाला कळलं. ती बाळं मोठी झाली तरी अभ्यास चालूच राहिला. कमी वजनाच्या बाळाला किडनीतले गाळणारे नेफ्रॉन कमी मिळतात आणि पुढे बीपी वाढतं, ही कल्पना ब्रेनर वगैरेंनी १९८८ मध्ये मांडली होती, त्यामुळे किडनीवाल्यांसाठीही ही गावं सोन्यासारखी आहेत. अभय आणि राणी बंग जॉन्स हॉपकिन्सला शिकले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत सर्च ही संस्था उभी केली. पद्धत बाहेरून आणली, प्रश्न गडचिरोलीचाच ठेवला. तू कोणाबरोबरही काम कर, पण प्रश्न कोणाचा आहे हे आधी विचार.

प्रश्न : मी मूळची सांगलीची, इंग्लंडमध्ये स्टॅटिस्टिशियन आहे. गावाकडच्या डॉक्टरांना मदत करायची खूप इच्छा आहे पण नुसते पैसे पाठवायचे नाहीयेत. काय करू?

महिन्यातले दोन तास द्या, पण दोन वर्षं द्या. एकदा येऊन वर्कशॉप घेऊन गेलेल्या लोकांची आठवण फोटोत राहते आणि डेटा एक्सेलमध्ये तसाच पडून राहतो. एकच डॉक्टर किंवा एकच टीम धरा आणि सॅम्पल साइज, डेटा क्लीनिंग, मिसिंग डेटा या तीन गोष्टींत त्यांना हात द्या. विश्लेषण स्वतः करून पाठवू नका, स्क्रीन शेअर करून त्यांच्याकडून करून घ्या, वेळ तिप्पट लागेल, लागू द्या.

तुमच्या विषयातलं एक काम तर फार मोलाचं आहे. क्रिएटिनिनवरून किडनीचं काम काढायचे जे फॉर्म्युले आहेत, २००९ चा सीकेडी-एपी आणि आता २०२१ चा, ते भारतीयांवर बेतलेले नाहीत. आपल्याकडे स्नायू कमी, मटण-मासे खाणंही कमी, त्यामुळे क्रिएटिनिन मुळातच कमी येतं. चंदीगडच्या पीजीआयने जपानच्या नागोयातल्या लोकांबरोबर इन्युलिन नावाचा पदार्थ देऊन किडनीचं खरं गाळण मोजलं, २०१८ मध्ये छापलं, तर फॉर्म्युले आपली किडनी आहे त्यापेक्षा चांगली दाखवतात असं निघालं. म्हणजे गावातला बारीक शेतमजूर कागदावर ठणठणीत दिसू शकतो. यावर काम करणारे भारतीय स्टॅटिस्टिशियन कमी आहेत. तुम्ही या ना.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचं क्रिएटिनिन १.८ आहे. हॉस्पिटलमध्ये परदेशी युनिव्हर्सिटीच्या अभ्यासासाठी सही मागतायत, रक्त बाहेरच्या देशात जाईल म्हणे. सही करावी का? नाही म्हटलं तर उपचारात फरक पडेल का?

नाही म्हटलं तरी उपचारात काहीही फरक पडता कामा नये, आणि हो म्हणून नंतर कधीही बाहेर पडता येतं, कारण न सांगता. हे तुम्हाला दिलेल्या कागदावर लिहिलेलं असायलाच हवं. कागद मराठीत मागा आणि घरी घेऊन या, सगळ्यांनी मिळून वाचा. त्यात रक्त किती वर्षं ठेवणार, दुसऱ्या अभ्यासाला वापरणार का, काही सापडलं तर तुम्हाला सांगणार का, आणि तक्रारीसाठी एथिक्स कमिटीचा नंबर, एवढं शोधा. परदेशी भागीदार असला की आपल्याकडे एथिक्स कमिटीची परवानगी तर लागतेच, वर आयसीएमआरच्या मार्फत आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी लागते, ती आहे का हे बिनधास्त विचारा, विचारलं म्हणून कोणी रागावलं तर तीच नाही म्हणायची वेळ समजा. सगळं नीट असेल तर मात्र मी सही करा असंच म्हणेन. सासऱ्यांसारख्या हजारो लोकांनी वर्षानुवर्षं रक्त दिलं म्हणूनच कोणाची किडनी भरभर जाते आणि कोणाची तग धरते हे आज थोडंफार सांगता येतं.

प्रश्न : ताई, माझे आईबाबा ऊसतोडीला जातात, मी बीडला एमएसडब्ल्यू (समाजकार्याचा कोर्स) करतोय. तुमच्या लेखात निकाराग्वाच्या ऊस कामगारांचं वाचलं आणि झोप लागली नाही. आमच्या लोकांना पण हे होणार का? आमची कोणी तपासणी केलीय का?

तुला घाबरवायचं अजिबात नव्हतं रे. आधी फरक सांगते. तिकडे बहुतेक ठिकाणी ऊस पेटवून मग तोडतात, राख आणि धग असते, सीझन तिथल्या कडक उन्हाळ्यात जातो, एकेक जण दिवसाला काही टन तोडतो आणि टनावर मजुरी म्हणून सावलीला बसत नाही. आपल्याकडे टोळी दिवाळीच्या सुमाराला निघते, थंडीचे दोन-तीन महिने मिळतात. पण फेब्रुवारी-मार्चचं ऊन, पहाटेपासून फडात, ऊस न्यायची गाडी आली की रात्री-अपरात्री मोळ्या भरणं, कोप्यावर (राहायच्या झोपडीवर) पाणी लांबून आणणं, लघवीला जायला आडोसा नाही म्हणून बायकांनी पाणीच कमी पिणं, कंबर दुखते म्हणून रोज गोळी, हे तू माझ्यापेक्षा जास्त पाहिलंयस. यातली प्रत्येक गोष्ट किडनीला त्रास देणारी आहे. म्हणून आपल्याला काही होणार नाही असं मी म्हणणार नाही, आणि होतंच आहे असंही आज कोणी म्हणू शकत नाही, कारण त्यासाठी तपासून बघावं लागतं.

निकाराग्वात चिचिगाल्पा नावाच्या ऊसपट्ट्यात इतके पुरुष गेले की तिथल्या ला इस्ला वस्तीला लोक विधवांचं बेट म्हणायला लागले. तिथे अभ्यास सुरू झाला तो कामगारांनी आणि विधवांनी २००८ मध्ये जागतिक बँक गटाच्या तक्रार कार्यालयाचं दार ठोठावलं म्हणून, त्या वाटाघाटींतून मग बोस्टन युनिव्हर्सिटीची टीम आली. एमएसडब्ल्यू करणाऱ्या मुलाने हे लक्षात ठेवावं असं मला वाटतं. शेजारच्या एल साल्वादोरमध्ये २०१४-१५ च्या सीझनला एका टोळीला पाठीवरची पाण्याची पिशवी, हलता सावलीचा मांडव, ठरलेल्या वेळी सक्तीची विश्रांती आणि हाताला सोपा कोयता दिला. लोकांना वाटलं तोड कमी होणार. माणशी तोड दिवसाला ५.१ टनांवरून ७.३ टनांवर गेली. छोटा अभ्यास होता, तोड वाढायला दुसरी कारणंही असतील, पण विश्रांती दिली तर नुकसान होतं म्हणणाऱ्या मुकादमासमोर ठेवायला हा आकडा चांगला आहे.

मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने किडनीच्या आरोग्यावर ठराव केला, पुढाकार ग्वाटेमालाचा होता, म्हणजे ऊस पिकवणाऱ्या, हा आजार भोगलेल्या एका छोट्या देशाचा. आपल्या ऊसतोड कामगारांची गोष्टही तिथपर्यंत जायला हवी असं मला फार मनापासून वाटतं, आणि ती तुझ्यासारख्या मुलाने सांगावी.

सुरुवात घरापासून कर. आईबाबांनी यंदा उचल घेतली असेल तर निघायच्या आधी दोघांचं क्रिएटिनिन आणि लघवी तपासून घे, पट्टा पडल्यावर, म्हणजे सीझन संपल्यावर, घरी आले की आठवड्याभरात परत, आणि त्यानंतर तीन महिन्यांनी तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा लॅब एकच ठेव. मधे कंबर दुखली तर गोळी डॉक्टरला विचारून, दुकानातून नाही. टोळीतल्या आणखी आठ-दहा जणांना तयार करता आलं तर तुझ्या कॉलेजच्या सरांना आणि जवळच्या मेडिकल कॉलेजच्या पीएसएमवाल्यांना आधी भेट, परवानगीचं ते बघतील. रिपोर्ट आले की तारखांसकट माझ्याकडे पाठव, आपण दोघं बसून बघू.